पाइपलाइनचं आयुष्य रीबॉइलरपाशी ठरतं

मित्रहो,

२७ जून २०१४ च्या पहाटे आंध्रातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात, नगरम गावात, गेल या सरकारी वायू कंपनीची १८ इंची वायुवाहिनी फुटली. आग घरांपर्यंत पोचली आणि वीसहून जास्त माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं, की वाहिनी कोरड्या वायूसाठी टाकलेली होती आणि तिच्यातून पाणी आणि कंडेन्सेट (वायूतून सुटणारं हलकं तेल) मिसळलेला ओला वायू जात होता. पोलाद आतून खाल्लं गेलं होतं. त्याच्या चौदा वर्षं आधी, १९ ऑगस्ट २००० रोजी, अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या कार्ल्सबॅडजवळ ३० इंची वाहिनी अशीच आतून गंजून फुटली आणि नदीकाठी तंबू ठोकून राहिलेली एकाच कुटुंबगोतावळ्यातली १२ माणसं दगावली. तिथे वाहिनीच्या सखल भागात पाणी साचून राहत होतं, आणि त्या टप्प्यातून सफाईचा पिग, म्हणजे वायूच्या दाबाने पाइपातून पुढे सरकत आतलं पाणी-गाळ ढकलणारं साधन, जाऊ शकत नव्हता.

गंज म्हटलं की आपल्याला बाहेरची माती आणि ओल आठवते. बाहेरच्या बाजूला कोटिंग असतं, कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज रोखायला पाइपाला दिलेला बारीक विद्युतप्रवाह) असतं, त्याची तपासणी नियमाने होते. पण कॅथोडिक प्रोटेक्शनचा प्रवाह पाइपाच्या आतल्या भिंतीला काहीही संरक्षण देत नाही. आतली लढाई पाण्याशी आहे, आणि ती वायू वाहिनीत शिरण्याआधीच जिंकावी लागते. म्हणून आज मी वायूतलं पाणी शोषून घेणाऱ्या ग्लायकॉल या द्रवाबद्दल बोलणार आहे.

जमिनीतून किंवा समुद्रतळाखालून निघणारा वायू बाष्पाने पूर्ण भरलेला असतो. साधारण ७० बार दाब आणि ३८ अंश तापमान धरा. अशा वायूत दर घनमीटरला जवळपास एक ग्रॅम पाणी असतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. रोज दहा लाख घनमीटर वायू पाठवला, तर रोज एक टन पाणी झालं. समुद्रतळावरच्या किंवा जमिनीखालच्या गार पाइपात वायू थंड झाला की त्यातलं बरंचसं पाणी सुटतं आणि उताराने सखल जागी जाऊन बसतं.

नुसतं पाणी फार बिघडवत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं. इथे टक्केवारी बघून निर्धास्त होऊ नका, आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्या एका वायूचा वाटा, बघा. वायूत फक्त २ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, पण वाहिनीचा दाब ५० बार असेल तर आंशिक दाब १ बार झाला. रूढ अंदाजानुसार ०.५ बारच्या खाली धोका कमी आणि २ बारच्या वर गंज जवळपास नक्की. म्हणजे आपण मधल्या, लक्ष ठेवायच्या पट्ट्यात आलो. काहीच बंदोबस्त नसेल तर वर्षाला काही मिलिमीटर पोलाद जाऊ शकतं. सोबत हायड्रोजन सल्फाइड असेल तर पोलादाला तडे जाण्याची भीती वेगळीच. आणि या सगळ्याला पाणी लागतं. पाणी काढा, आम्ल तयारच होत नाही.

अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर म्हणूनच वायू किनाऱ्याकडे ढकलण्याआधी वाळवतात. साधन असतं ट्रायएथिलीन ग्लायकॉल. काँटॅक्टर नावाच्या उभ्या टाकीत वायू खालून वर जातो, ग्लायकॉल वरून खाली येतं आणि वाटेत पाणी ओढून घेतं. एक किलो पाण्यामागे साधारण २५ लिटर ग्लायकॉल फिरवावं लागतं. पाणी प्यायलेलं हे रिच ग्लायकॉल मग फ्लॅश टँक, फिल्टर आणि हीट एक्स्चेंजरमधून रीबॉइलर या तापवायच्या भांड्यात जातं, तिथे पाणी उकळून निघतं आणि लीन, म्हणजे पाणी काढलेलं, ग्लायकॉल पुन्हा कामाला लागतं.

खरी कसोटी या रीबॉइलरची. ट्रायएथिलीन ग्लायकॉल २०६ अंशांच्या आसपास विघटित व्हायला लागतं, म्हणून रीबॉइलर २०४ च्या वर नेत नाहीत. तेवढ्यावर शुद्धता मिळते ९८.५ टक्क्यांच्या जरा पुढे. त्याहून कोरडा वायू हवा असेल तर रीबॉइलरमध्ये थोडा स्ट्रिपिंग गॅस (उरलेलं पाणी ओढून नेणारा कोरडा वायू) सोडतात, मग ९९.९ टक्के गाठता येतात. आता ९८.५ आणि ९९.९ यांत फरक तो काय, असं वाटेल. ग्लायकॉलमध्ये उरलेलं पाणी मोजा: दीड टक्का आणि ०.१ टक्का. पंधरापट. बाहेर पडणाऱ्या वायूतलं पाणीही साधारण त्याच प्रमाणात कमी होतं. रीबॉइलर दहा-पंधरा अंशांनी थंड चालू ठेवला, तर काँटॅक्टर कितीही चांगला असो, ओला वायू पुढे जाणारच. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी ग्लायकॉल फिरवणाऱ्या पंपाचा वेग वाढवतात. त्याने रीबॉइलरवरचा भार वाढतो, ताप आणखी उतरतो आणि वायू अजून ओला होतो. मला ही सवय मोडायची आहे.

उलट टोकाला, म्हणजे जास्त तापण्याच्या बाजूला, फायर ट्यूब, रीबॉइलर तापवणारी आगीची नळी. विहिरीचं खारं पाणी इनलेट सेपरेटरला (सुरुवातीला वायूतला द्रव वेगळा करणाऱ्या टाकीला) चकवून आत आलं, तर मीठ ग्लायकॉलमध्ये येतं. गरम ग्लायकॉलमध्ये मीठ कमी विरघळतं, म्हणून ते नेमकं फायर ट्यूबवर बसतं. त्या थराखाली धातू तापतो आणि ग्लायकॉल गुळाच्या पाकासारखं करपतं. तापमापक मात्र २०० दाखवत राहतो.

करपलेल्या आणि हवेतल्या ऑक्सिजनने बिघडलेल्या ग्लायकॉलमध्ये सेंद्रिय आम्लं तयार होतात. म्हणजे गंज थांबवायला आणलेला द्रव स्वतःच प्लांट गंजवू लागतो. साठ्याच्या टाकीवर नायट्रोजन किंवा इंधन वायूचं पांघरूण ठेवतात ते याचसाठी. पीएच ७ ते ८.५ मध्ये हवा. सहाच्या खाली गेला तर पोलाद विरघळतंय असं समजा. कमी झाला की अमाइन हे अल्कधर्मी रसायन घालतात, पण बेताने, एकदम ओतलं तर फेस होतो आणि ग्लायकॉल वायूबरोबर वाहून जातं.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबू नका. काचेच्या बाटलीत नमुना घ्या आणि उजेडात धरा. चांगलं ग्लायकॉल फिकट सोनेरी दिसतं. काळा गाळ बसला तर तो बहुधा आयर्न सल्फाइड, म्हणजे कुठेतरी लोखंड झिजतंय. दोन थर पडले तर तेल आलंय, कार्बन फिल्टर बघा. वास करपट गोड आला तर फायर ट्यूब उघडायची वेळ झाली. पीएच घेताना तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळा, नाहीतर आकडा फसवतो. एवढं दहा मिनिटांत होतं.

जिथे वाळवायला प्लॅटफॉर्मच नाही, तिथे हिशेब वेगळा. नॉर्वेच्या ऑर्मेन लांगे क्षेत्रातून ओला वायू सुमारे १२० किलोमीटर समुद्रतळावरून न्यूहाम्नाला जातो, वाटेत समुद्राच्या पाण्याचं तापमान शून्य अंशाखालीही जातं. तिथे मोनोएथिलीन ग्लायकॉल आत सोडतात, हायड्रेटची (पाणी आणि वायूच्या बर्फासारख्या घट्ट खड्यांची) गोठण टळते आणि गंजही मंदावतो. किनाऱ्यावर ते परत उकळून शुद्ध करतात. अशा वाहिन्यांत भूगर्भातलं खारं पाणी येऊ लागलं की क्षार काढण्याचं वेगळं काम मागे लागतं, तो विषय मोठा आहे.

शेवटी एक मुद्दा, जो मी प्रत्येक ठिकाणी मांडतो. डिहायड्रेशन युनिट, म्हणजे वायू वाळवणारं हे सगळं यंत्र, बंद पडलं की वायू थांबवायचा की तसाच पाठवायचा, हा निर्णय रात्रपाळीच्या माणसावर टाकू नका. मॉइश्चर अॅनालायझरचा (वायूतलं पाणी मोजणाऱ्या उपकरणाचा) कुठला आकडा आला की व्हॉल्व्ह बंद होईल, हे आधी कागदावर लिहा आणि त्यावर वरिष्ठांची सही घ्या. कारण चार तास ओला वायू गेला, तरी सुटलेलं पाणी युनिट सुरू झाल्यावर लगेच नाहीसं होत नाही. ते सखल जागी आठवडे पडून राहतं, त्यामुळे त्या प्रसंगानंतर पिग चालवावा लागतो, आणि रिसीव्हरमध्ये, म्हणजे पिग बाहेर काढायच्या टोकाला, निघालेल्या पाण्यातलं लोह मोजून ते नोंदवहीत लिहावं लागतं.