परत यावं लागलं तर?

अध्यक्ष महोदय, कृषी विद्यापीठातले आणि आसपासच्या कॉलेजांतले विद्यार्थी मित्रांनो, आणि मुलांपेक्षा जास्त लक्ष देऊन ज्यांनी ऐकावं अशी माझी इच्छा आहे ते आई-वडील,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘परदेशातलं विद्यापीठ कसं निवडावं’. त्यावर मी बोलणारच आहे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न मला मांडायचाय. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसण्यातच माझी सगळी नोकरी झाली आणि तिथे हा प्रश्न मी समोर बसलेल्या प्रत्येकाला विचारत आलो. पदवी हातात पडली आणि दुसऱ्याच दिवशी परत यावं लागलं, तर ही निवड तुम्हाला परवडेल का? हो म्हणता येत असेल तर बिनधास्त जा. नाही म्हणावं लागत असेल, तर त्या विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, यादीतून काढा. हर्णैचा तांडेल नौका बाहेर काढताना परतीचं डिझेल आधी धरतो, मग मासळीचं बघतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आज जरा आग्रहाने सांगणार आहे.

घर सोडून जाणं आपल्याला नवीन नाही. आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, बोटीवर गेली, कुवेत-दुबईला गेली. पण त्या जाण्यात दोन-चार महिन्यांत घराकडे मनीऑर्डर यायला लागायची. शिकायला जाणाऱ्याचं उलट असतं. पैसा आधी इथून जातो, आणि तो परत येईल की नाही हे ज्या नियमांवर ठरतं ते आपल्या हातात नसतात. मुलगा विमानात बसतो तेव्हाचे नियम त्याच्या पदवीदानापर्यंत टिकतील, याची हमी कुठलंच सरकार देत नाही.

आणि मुदतीवर परदेशी जाणं हे काही आजचं नाही. तुम्ही दापोलीत बसलायत म्हणून सांगतो. रँग्लर परांजपे इथल्या मुर्डीचे, जन्म १८७६ चा. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर इंग्रज सरकारची कुठलीही मोठी नोकरी मिळाली असती. ते परत आले आणि फर्ग्युसनमध्ये शिकवायला लागले, कारण ते कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला जाण्याआधीच शब्द दिलेला होता. परत येऊन काय करायचं हे जातानाच ठरलेलं होतं.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. लहानपणी काही काळ त्यांचं कुटुंब इथे दापोलीच्या लष्करी कॅम्पातही राहत होतं. १९१३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी, असा लेखी करार. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती, ती बोट महायुद्धात बुडवली गेली. आता नीट ऐका. लंडन सोडताना त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी घेतली होती, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. त्या काळात, त्या परिस्थितीतल्या माणसाने मुदत आणि परवानगी या दोन गोष्टी किती काटेकोरपणे सांभाळल्या ते पाहा. आपण आज मुलाला पाठवताना ऑफर लेटरचं दुसरं पानसुद्धा उलटत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. एक प्रकरण सांगतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, पण किनारपट्टीवरचंच आहे. २०२४ चा फेब्रुवारी. हापूसचा मोहोर टिकतो की गळतो या काळजीचे दिवस. एक बागायतदार मुलाला घेऊन माझ्या टेबलासमोर आले. मुलगा कॉमर्सचा, हुशार, अबोल. कॅनडात ओंटारिओ प्रांतात दोन वर्षांचा बिझनेसचा डिप्लोमा. पहिल्या वर्षाची फी भरूनसुद्धा झालेली. पैसे आणले कुठून विचारलं, तर म्हणाले, “बाग दिली कराराने, पाच वर्षांसाठी. व्यापाऱ्याने आगाऊ दिले.” म्हणजे झाडं त्यांचीच, पण पाच वर्षं त्यांच्या फळावर हक्क दुसऱ्याचा. आता पुढच्या पैशांसाठी बँकेत आले होते.

मी ऑफर लेटर मागून घेतलं. वरती एका सरकारी कॉलेजचं नाव, मोठ्या अक्षरांत, बोधचिन्हासकट. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की वर्ग एका खासगी संस्थेमार्फत चालतील. पत्ता पाहिला तर सरकारी कॉलेज एका गावात आणि वर्ग तिथून शेकडो किलोमीटरवर, टोरोंटोजवळ, एका व्यापारी इमारतीतल्या युनिट नंबरवर. अशी जोडकॉलेजं तिथे बरीच निघाली होती. आणि महिनाभर आधीच, २२ जानेवारीला, कॅनडा सरकारने जाहीर केलं होतं की अशा जोडकॉलेजात नव्याने शिकायला येणाऱ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळणार नाही. पुढे त्याची तारीख ठरली १५ मे २०२४. या मुलाचे वर्ग सुरू होणार होते सप्टेंबरात.

मी त्या बापाला सांगितलं, की काका, हा डिप्लोमा झाल्यावर तिथे नोकरी करायची परवानगी तुमच्या मुलाला नाही. त्यांनी माझ्यासमोरच एजंटाला फोन लावला. एजंट म्हणाला, “काका, नियम बदलतात, परत बदलतील. तुम्ही कशाला टेन्शन घेता?” मला राग आला तो या वाक्याचा. त्या माणसाची पाच वर्षांची बाग गेलेली आणि हा त्याला टेन्शन घेऊ नका म्हणतो. एजंटाला कमिशन कॉलेजकडून मिळतं, साधारणपणे पहिल्या वर्षाच्या फीवर. मुलगा दाखल झाला की त्याचं काम संपतं. मुलाला पुढे परमिट मिळो न मिळो, त्याच्या हिशोबात काही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोकणात तरी प्रत्येकाला माहीत असायला हवी. गल्फला कामगार पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारकडे नोंदणी करावी लागते. तो फसवतो तेव्हा निदान तक्रार कुठे करायची हे ठाऊक असतं. विद्यार्थी पाठवणाऱ्याला त्या कायद्याखाली नोंदणी लागत नाही. वीस-पंचवीस लाखांचा व्यवहार, एका कुटुंबाची आयुष्याची पुंजी, आणि समोरचा माणूस हॉटेलचा हॉल भाड्याने घेऊन मेळावा भरवतो, एवढीच त्याची ओळख. याला नोंदणी सक्तीची झाली पाहिजे, हे मी भेटेल त्या लोकप्रतिनिधीला सांगत असतो आणि सांगत राहणार आहे.

आता बँकेकडे या. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागतं. त्या काकांनी सातबारा पुढे ठेवला. मी इथे विचारतो, किती जणांच्या सातबाऱ्यावर फक्त तुमच्या वडिलांचं नाव आहे? हात वर करा. दोन… तिकडे मागे एक, तीन. एवढ्या भरल्या सभागृहात तीन हात. त्या सातबाऱ्यावर बावीस नावं होती. आजोबांचे भाऊ, त्यांचे वारस, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईला परळला राहणारे चुलते, त्यातले काही हयातसुद्धा नाहीत. वाटप झालेलं नाही, वारसनोंदी अर्धवट. बरं, शेतजमीन तारण घ्यायला बँका मुळातच नाखूश असतात. म्हणजे लाखो रुपयांची बाग असून कागदावर हा माणूस रिकाम्या हाताचा. मग तो जातो चढ्या व्याजाच्या खासगी कंपनीकडे. म्हणून आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी अकरावीत असतानाच वारसनोंदी आणि वाटपाचं काम हातात घ्या. तलाठ्याकडे चार हेलपाटे घालावे लागतील, गणपतीला चाकरमानी चुलते आले की सह्या घ्याव्या लागतील. पण घ्या. ऐन वेळी ते काम होत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं? त्याने स्वतःहून प्रवेश सोडला. व्हिसा नाकारला गेला असता तर फी बऱ्यापैकी परत मिळाली असती. स्वतःहून सोडला म्हणून मोठी कपात झाली आणि उरलेले पैसे कित्येक महिन्यांनी आले. आज तो लोट्याला एका कारखान्यात हिशोब विभागात आहे, चांगलं काम करतो. बाग अजून करारातच आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं राहिली. तर आता विषयाचं झपाट्याने सांगतो, वह्या काढा.

आधी पैशाचा हिशोब. ४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, एक वर्षाचा कोर्स आणि वर एक वर्ष सवलतीचं, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या आधीचं. तेवढ्यात व्याज साचून आकडा ४८ लाखांवर जातो. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिना ६५ हजारांच्या आसपास. तुमच्या पुढच्या वर्गातल्या मुलांना पुण्यात पहिला पगार किती मिळाला ते विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसला, तर तो कोर्स परतीला परवडणारा. ही माझी मोजपट्टी आहे.

आता देश. कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, आणि एकट्या विद्यार्थ्याने फी सोडून खर्चासाठी दाखवायची रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली. कॉलेजच्या डिप्लोमाला आता विषय पाहून वर्क परमिट मिळतं. बॅचलर, मास्टर्सला ती विषयाची अट नाही. आणि सरकारी विद्यापीठातलं मास्टर्स २०२६ च्या सुरुवातीपासून त्या संख्यामर्यादेतूनही वगळलंय. म्हणजे तिथे जायचं तर मास्टर्सला, सरकारी विद्यापीठात.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या पदव्या सोडल्या तर जोडीदाराला बरोबर नेता येत नाही. शिक्षणानंतर राहायची दोन वर्षांची मुदत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाची होणार आहे, पीएच.डी.ला तीन वर्षं कायम आहेत. आणि तिथे विद्यापीठाच्या किती विद्यार्थ्यांचे व्हिसा नाकारले गेले यावर विद्यापीठाचाच परवाना अवलंबून असतो. ती मर्यादा १० टक्क्यांची होती, ती ५ वर आणायचं २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ठरलं. त्यामुळे विद्यापीठं आता स्वतःच जास्त कागद मागतात, मुलाखत घेतात. त्याचा राग मानू नका. जिथे काहीच न विचारता ऑफर येते, तिथे जास्त जपून राहा.

ऑस्ट्रेलियाची नुसती व्हिसाची फी ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १ जुलै २०२४ ला १,६०० आणि वर्षभरात २,००० झाली. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अमेरिकेत शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांना आणखी दोन वर्षं. त्यामुळे कोर्स कुठल्या विषयात मोडतो हे सांगणारा वर्गीकरण क्रमांक विद्यापीठाकडून लेखी विचारा. एकाच नावाचे दोन कोर्स, एकाला ही मुदतवाढ आणि दुसऱ्याला नाही, असं होतं. २०२५ च्या मे-जूनमध्ये व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच काही आठवडे बंद होतं, आणि आता समाजमाध्यमांवरची खाती उघडी ठेवायला सांगतात. अर्ज लवकर करा, हाच त्यावरचा उपाय.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधी दाखवावे लागतात, आणि आपल्याकडची प्रमाणपत्रं खरी आहेत का याची एपीएस नावाची तपासणी २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीची आहे. तिला वेळ लागतो. जर्मन भाषा इथेच, आत्ताच सुरू करा. शेतीच्या मुलांनो, नेदरलँड्समधलं वाखेनिंगेन विद्यापीठ तुमच्या विषयातलं जगातलं अव्वल नाव. तिथे पदवीनंतर नोकरी शोधायला वर्षभर राहता येतं, आणि ते वर्ष पदवीनंतरच्या तीन वर्षांत कधीही घेता येतं. पण माझ्या मते खरं महत्त्वाचं हे, की फळप्रक्रिया किंवा काढणीनंतरचं तंत्रज्ञान शिकून तुम्ही दापोलीला परत आलात, तरी ते शिक्षण इथे पहिल्या दिवसापासून कामाला येतं. कर्ज फेडणारा विषय असा असतो.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, इतर प्रवर्गांसाठीही आहेत. त्यांत विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहतात. क्रमवारीचा मला दिसलेला सगळ्यात रोख उपयोग तो. जाहिरात निघते तिकडे लक्ष ठेवा.

मी सांगितलेले आकडे आजचे आहेत. अर्ज करायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहा, एजंटाच्या माहितीपत्रकात नको.

वेळ संपली. कोणी ऑफर लेटर आणलं असेल तर पुढच्या टेबलावर घेऊन या, आई-वडिलांनाही बरोबर आणा. फी परताव्याचं पान तेवढं आधी काढून ठेवा, म्हणजे तिथूनच वाचायला सुरुवात करू.