इंजिन पाणी पितंय

पहाटेची वेळ. इंजिन रात्रभर उभं राहून पार गार झालंय. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रसायनमिश्रित पाण्याच्या, टाकीवर मार्करने मारलेली ही काळी रेघ आठ दिवसांपूर्वीची. पातळी तिच्याखाली चांगली दोन बोटं उतरलीय. आणि गाडीखाली पाहा, फरशी कोरडी ठणठणीत.

गाडीवाला म्हणतो, "गळत तर कुठंच नाही, पण पाणी कमी होतंय." मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "हेड गेलंय, खोलावं लागेल." हेड म्हणजे सिलिंडरांवर बोल्टने बसवलेलं इंजिनाचं वरचं झाकण. ते खोलण्याआधी जरा थांबू या.

कूलंट पेट्रोलसारखं जळून संपायची वस्तू नाही. ते बंद वाटेने फिरतं आणि परत येतं. नुकतंच बदललं असेल, तर अडकलेली हवा निघून पातळी एक-दोनदा खाली येते, तेवढं चालतं. पण दर महिन्याला बाटली ओतावी लागत असेल, तर वाट कुठंतरी फुटलेलीच आहे. वर नुसतं पाणी ओतत राहणं त्याहून वाईट. मिश्रण पातळ होत जातं, आणि आतल्या धातूला गंजापासून वाचवणारी रसायनंही विरळ होतात.

मग जमिनीवर थेंब का नाही? चालत्या इंजिनात कूलंट साधारण 90 अंशांवर असतं आणि टाकीचं झाकण त्याला सुमारे 1 बार दाबाखाली धरून ठेवतं. या दाबामुळेच पाणी आणि ग्लायकॉल या रसायनाचं निम्मं-निम्मं मिश्रण 120 अंशांपर्यंतही उकळत नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर आलेला थेंब तापलेल्या लोखंडावर पडतो आणि तिथंच वाळतो.

पण पाणी उडालं तरी रंग मागे राहतो. टॉर्च इथं आणा. होज पाइपच्या तोंडाशी, क्लिपच्या कडेला ही गुलाबी खरपुडी दिसतेय? नखाने खरवडली की पावडर होते. अशी खूण रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते त्या शिवणीवर शोधायची. वॉटर पंपाच्या पोटाशी तर शोधायचीच. तिथं एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं, की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावं, म्हणून.

टाकीचं झाकणही विसरू नका. त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मऊ पडली, की दाब टिकत नाही आणि कूलंट वाफेबरोबर निघून जातं. हे झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही, कधीच नाही. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर येतं.

केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून तेलकट वाफ, पायाखालचं कार्पेट ओलं? मग हीटर कोअर, म्हणजे गरम कूलंटने केबिन उबदार करणारी छोटी जाळी, पाहायचा.

मला विचाराल तर पाणी कुठून जातं, याच्या आधी ते कधी जातं हे पाहावं. लांबच्या प्रवासानंतरच कमी होतं, की गाडी नुसती उभी असतानाही? काही गळती दाब चढल्यावरच होते. काही उलट्या असतात: इंजिन गार झालं, रबर आणि धातू आकसले, की तेवढ्यापुरती फट पडते.

बाहेर काहीच सापडलं नाही, तर मग हेड गॅस्केटकडे वळायचं. सिलिंडरमधला जळता वायू, पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा हा पातळ पत्रा. तो एका जागी फुटला, की चालत्या इंजिनात वायू पाण्यात घुसतो. इंजिन बंद केलं, की उरलेल्या दाबाने पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. म्हणून सकाळच्या पहिल्या स्टार्टला गाडी थरथरते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, लवकर न विरणारा.

याची खात्री करायला नळीतलं हे निळं द्रावण टाकीच्या तोंडावर धरतात. पाण्यातून जळालेला वायू येत असेल, तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, एवढ्यावरून मात्र हेड खोलू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत साध्या दमटपणानेही ती धरते. डिझेल गाडीत आणखी एक जागा असते, ईजीआर कूलर: इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग. तो आतून चिरला, तर कूलंट धुराबरोबर निघून जातं आणि आळ हेडवर येतो.

आता आपली गाडी. काल रात्री गार इंजिनाच्या कूलंट टाकीला दाब तपासायचा, काट्याचा हातपंप लावला आणि झाकणावर लिहिला होता तेवढाच दाब भरला. जराही जास्त नाही, कारण जास्तीच्या दाबाने चांगला पाइपही फुटतो. इंजिनाखाली जुनी पांढरी चादर अंथरली.

सकाळी काटा निम्म्यावर आलाय. चादरीवर रुपयाएवढा गुलाबी डाग. त्याच्या बरोबर वर, वॉटर पंपाच्या त्या भोकाशी एक थेंब लोंबतोय.

चादर लगेच गुंडाळली आणि फरशी धुऊन काढली. कूलंट चवीला गोड असतं आणि ते विष आहे. चाटलं, तर कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं.

पंप बदलला, नवं कूलंट भरलं, हवा काढली. टाकीवर मार्करची नवी रेघ मारलीय, शेजारी तारीख. हेडचा एकही बोल्ट सैल केलेला नाही.