काजू आधी मोजा, मग वाटा

नमस्कार, श्रोतेहो. काजूचा हंगाम आहे, मुंजी-लग्नांच्या वड्या थापल्या जातायत. कृती लिहिलेली असते ग्रॅममध्ये आणि आपल्या हातात असते वाटी. मग किती वाट्या घ्यायच्या?

240 मिलीच्या कपात अख्खे काजूगर साधारण 130 ते 140 ग्रॅम बसतात. त्याच कपात काजूची पूड, न दाबता भरली तर, 110च्या आसपास. म्हणून आधी मोजा, मग वाटा.

वेंगुर्ल्याला आमच्या आत्याकडे मुंज होती. वड्यांचा मान धाकट्या वहिनीचा. वहीत लिहिलेलं, काजू अर्धा किलो, साखर पाव किलो. काटा काजू बी मोजायला बागेत गेलेला. साखरेचा पाव किलोचा पुडा घरात होता, तो वहिनीने सरळ पाकात घातला. काजूचे मात्र 'अर्धा किलो म्हणजे चार पेले' असं कुणीतरी सांगितलेलं. तिने काजू वाटले आणि चार पेले पूड एकतारी पाकात घातली. घोटून घोटून हात भरून आले, पण घाणा कढई सोडेना.

आत्या आली. म्हणाली, "अगो, पूड कित्याक मोजतस? आधी गर मोज, मगे वाट!" नुसतं बोलून थांबली नाही. काठीच्या दोन टोकांना सारख्या दोन रोवळ्या बांधल्या, मधोमध दोरी. एका रोवळीत रव्याचा न फोडलेला अर्ध्या किलोचा पुडा, दुसरीत काजू. काठी आडवी झाली तसे ते काजू पेल्याने मोजले. सपाट चार पेले. तेच वाटून पुन्हा मोजले, तर पूड भरली पावणेपाच पेले! वहिनीच्या कढईत पाऊण पेला पूड कमी पडली होती. तेवढी घातली आणि गोळा कढई सोडायला लागला. मुंजीत त्या वड्या पहिल्या संपल्या.

आता वड्यांना अख्खे, मोठे काजू घेऊच नका. वाटायचेच आहेत, तर पाकळी किंवा तुकडा घ्या, चव तीच. आणि ओल्या काजूगरांच्या उसळीत बटाटा घालणं मला मुळीच पटत नाही. वर्षातून थोडे दिवस मिळणारी वस्तू, ती नुसती खावी.

काटा नसेल तर मोजूनही चालतं. 320 नंबरचे काजू म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर. 100 ग्रॅमला सत्तरच्या आतबाहेर. शेंगदाण्यांचा कप 145 ग्रॅमच्या जवळपास, अख्ख्या बदामांचाही तेवढाच. ओल्या काजूगरांना हे आकडे लावू नका, त्यांत पाणी असतं.

पुन्हा सांगते, आधी मोजा, मग वाटा. आणि प्रत्येकीची वाटी वेगळी. पाव किलोचा पुडा फोडाल तेव्हा तो आपल्या वाटीने एकदा मोजा आणि आकडा कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवा. अख्ख्याचा वेगळा, पुडीचा वेगळा.