किरकोळ केस आणि परदेशचा प्रवास

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते अशा माणसांविषयी, ज्यांच्या नावावर कधीकाळी एखादी लहानशी केस झाली आणि आता परदेशी जायची वेळ आलीय. रास्ता रोकोतली केस, मिरवणुकीतली हाणामारी, बांधावरून भावकीत झालेली फिर्याद, नाक्यावर दारू पिऊन गाडी चालवताना झालेली कारवाई. लेक तिकडे, नातवंडं तिकडे, आणि पासपोर्टच्या फॉर्मवर प्रश्न येतो की तुमच्यावर फौजदारी प्रकरण चालू आहे का. तिथं माणूस घुटमळतो.

माझं सांगणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. खरं लिहा, आणि कोर्टाचा कागद जवळ ठेवा.

कायदा थोडक्यात सांगतो. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 प्रमाणे फौजदारी कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. केस केवढी, हे ते कलम विचारत नाही. नुसता एफआयआर झालाय आणि कोर्टाने अजून दखल घेतलेली नाही, तर ती चालू केस धरली जात नाही. आणि केस चालू असली तरी वाट आहे. 25 ऑगस्ट 1993 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या कोर्टात केस आहे त्याच कोर्टाने परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळतो. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच मेनका गांधी खटल्यात सांगून ठेवलंय.

आता एक हकीकत ऐका. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या मावशी. गावात शाळेपासून हाकेच्या अंतरावर दारूचं दुकान. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मतदानाची तारीखच लागेना, तेव्हा बायकांनी दुकानासमोर ठिय्या दिला. त्या गर्दीत बाटल्यांची काही खोकी फुटली. पोलिसांनी बेकायदा जमाव आणि नुकसान अशी कलमं लावली, बायकांना अटक करून ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी जामिनावर सोडलं. माझं मत विचाराल तर शाळेच्या तोंडाशी परवाना ज्या टेबलावरून निघाला, चौकशी त्या टेबलाची व्हायला हवी होती. गावोगावच्या बायकांनी या प्रश्नावर जेवढं सोसलंय, त्याची नोंद अजून कुणी नीट घेतलेली नाही. असो.

पुढं दुकान बंद झालं. पेपरात बातमी आली की आंदोलनातले गुन्हे सरकार मागे घेणार. मावशींनी ते कात्रण जपून ठेवलं. त्यांच्या लेखी केस तिथंच मिटली.

काही वर्षांनी न्यू जर्सीत असलेल्या लेकीला दिवस गेले. मावशींचा पासपोर्टचा फॉर्म एका एजंटाने भरला. मावशींनी त्याला सगळं सांगितलं, की अशी अशी केस झाली होती, ती सरकारने काढून टाकली. तो म्हणाला, मग ‘नाही’च लिहू. पोलीस पडताळणीत केस निघाली. नोटीस आली: माहिती दडवली, खुलासा करा. माहिती दडवून पासपोर्ट मागितला तर कलम 12 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या बाईने काही दडवलंच नव्हतं, तिला हे वाचावं लागलं.

मावशी माझ्या ऑफिसात आल्या त्या तावातावातच. म्हणाल्या, “वकीलसाहेब, मी काय चोरी केलीया व्हय? सरकारनं केस काढली म्हणून पेपरात छापलंय की!” आणि पिशवीतून ते कात्रण काढून टेबलावर ठेवलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, मागच्या बाजूला टोमॅटोचे बाजारभाव.

इथं जरा कान द्या. सरकारने गुन्हे मागे घेतो म्हटलं, एवढ्याने केस संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने त्याला संमती द्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 321 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते 360 आहे. कोर्टाचा हुकूम होत नाही तोवर केस बोर्डावरच असते. पुन्हा सांगतो, पेपरातली घोषणा हा हुकूम नव्हे.

आम्ही कोर्टात शोध घेतला. मागे घेण्याचा अर्ज कधी गेलाच नव्हता. दोन बायका लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या, त्यांना समन्स बजावलं गेलं नव्हतं, म्हणून नुसत्या तारखा पडत होत्या. मग दोषारोपपत्राच्या आणि जामिनाच्या प्रमाणित नकला काढल्या. नक्कल विभागाबाहेर बसायला एक धड बाकडं नाही, पाण्याचा माठ नाही. लांबून आलेली म्हातारी माणसं पायऱ्यांवर ताटकळतात. कोर्टाच्या नव्या इमारतींवर एवढा खर्च होतो, त्यात या माणसांची सोय आधी व्हायला पाहिजे.

मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे परवानगीचा अर्ज दिला. त्यात एक ओळ मी मुद्दाम घातली: पासपोर्ट 10 वर्षांसाठी द्यावा. कारण असं, की हुकमात मुदत लिहिलेली नसली तर 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट बहुतेक वेळा एकच वर्षाचा मिळतो. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंतच त्यातले महिने संपायचे. तुमच्या वकिलाला ही ओळ घालायला सांगा. किती वर्षांचा पासपोर्ट, हे हुकमात लिहून घ्या. मावशींनी हमीपत्र दिलं, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही आणि हुकूम झाला. खुलाशासोबत तो जोडला, दंड भरला, पासपोर्ट आला.

पण अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म याहून कडक. तो नुसती चालू केस विचारत नाही. तुम्हाला कधीही अटक किंवा शिक्षा झाली होती का, माफी मिळाली असली तरी सांगा, असं विचारतो. नातेवाईक सांगायला लागले, अमेरिकेला काय कळतंय, ‘नाही’ टाका. मावशी आता शहाण्या झालेल्या. त्यांनी ‘हो’ लिहायला लावलं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत मराठीत देता येते. अधिकाऱ्याने विचारलं, काय झालं होतं? मावशींनी नकलांचा आणि इंग्रजी भाषांतराचा गठ्ठा काचेखालून पुढे सरकवला आणि दुकान, शाळा, ठिय्या सगळं क्रमाने सांगितलं. अधिकाऱ्याने कागद शांतपणे वाचले आणि व्हिसा दिला. लेकीचं बाळंतपण करून मावशी परतल्या आणि पुढच्या तारखेला कोर्टात हजरही राहिल्या.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. दारू पिऊन गाडी चालवली तर आपल्याकडे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पोरं दंड भरतात आणि विसरतात. पण कॅनडाने डिसेंबर 2018 पासून याच गुन्ह्याची कमाल शिक्षा 10 वर्षांवर नेली आणि तो गंभीर गुन्ह्यात धरला जातो. दंडाची पावती आणि कोर्टाचा निकाल टाकून देऊ नका. ऑस्ट्रेलियात एकूण 12 महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेली असेल तर अडचण येते. आणि खोटं सापडलं तर कॅनडात पाच वर्षं, ब्रिटनमध्ये 10 वर्षं बंदी येऊ शकते आणि अमेरिकेत तर कायमची. किरकोळ केसने जेवढं अडत नाही, तेवढं त्या एका ‘नाही’ने अडतं.

तिकीट काढायच्या आधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि आपलं नाव टाकून बघा. नाव एकाहून जास्त प्रकारे लिहून बघा, कारण नोंद करताना आडनावाची अक्षरं बदलतात. केस निघाली तर आधी नक्कल, मग वकील, मग फॉर्म, याच क्रमाने जा. नमस्कार.