ऐकू येणारा दबाव

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘लोकशाहीतील दबावगट’. त्याकडे येतोच, पण आधी आईच्या लाटण्याची गोष्ट सांगू द्या.

साल १९७२. दुष्काळाचं वर्णन इथल्या निम्म्या मंडळींना ऐकवायला नको, सुकडीची चव अजून जिभेवर असेल. आम्ही मुंबईत, चाळीत. रॉकेलच्या रांगेत आई पहाटेपासून उभी, आणि तिचा नंबर आला की दुकानदार म्हणणार, ‘संपलं.’ मागच्या दाराने डबे निघताना आम्ही पोरं बघायचो. मी नऊ वर्षांचा होतो, तरी तो राग आजही जात नाही. आई भांडली की तो शांतपणे म्हणायचा, ‘करा ना तक्रार.’ तक्रार कुठे करायची हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते त्याने ओळखलं होतं.

एके दुपारी शेजारच्या काकू निरोप घेऊन आल्या: मोर्चा आहे, थाळी आणि लाटणं घेऊन निघायचं. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा मोर्चा. मृणालताई गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी या पक्षांचे मतभेद मिटता मिटत नसत, पण तेल, साखर आणि रॉकेल यांवर बायकांचं जमलं. मृणालताईंना गोरेगावकर ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे ते उगाच नाही. नळाचं पाणी हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी आधीच दाखवून दिलं होतं.

बाजाराच्या पलीकडे एकटी न जाणारी माझी आई त्या दिवशी गेली. रात्री परतली तेव्हा घसा बसलेला, थाळीला पोचे, आणि लाटणं गर्दीत हरवलेलं. वडिलांनी काचेच्या बाटलीनं पोळ्या लाटल्या. हसा, आम्हीही हसलो होतो. एकेक पोळी म्हणजे वेगळ्या देशाचा नकाशा! पण जेवताना वडिलांनी आईला विचारलं, ‘आज सरकार काय म्हणालं?’ तोवर आमच्या घरात हा प्रश्न नेहमी उलट दिशेनं जायचा.

मला त्या मोर्चातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. कोण मागतंय, काय मागतंय, कुणाकडे मागतंय, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ऐकू येत होतं. मंत्र्याला, दुकानदाराला, बसची वाट बघणाऱ्यालाही. दबाव असा ऐकू आला पाहिजे, हेच माझं म्हणणं आहे.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता भरभर.

पक्षाला सत्ता हवी असते, दबावगटाला निर्णय हवा असतो. निवडणूक पाच वर्षांनी येते आणि चूल रोज पेटवावी लागते. मधल्या काळात बोलायची सोय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलीय. आक्षेप मला माहीत आहे: ज्यांची संख्या मोठी त्यांचंच ऐकलं जातं, विखुरलेला मजूर मागेच राहतो. आक्षेप खरा आहे. पण राजस्थानात १९९० मध्ये मजूर किसान शक्ती संघटना उभी राहिली ती अशाच माणसांची. कामाचा हजेरीपट दाखवा, एवढीच मागणी. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब.’ त्या रेट्यातून आणि देशभरच्या इतरांच्या, आपल्या राज्यातल्याही, लढ्यांतून २००५ चा माहितीचा अधिकार आला. तक्रार कुठे करायची हे न कळणाऱ्या बाईच्या हातात अर्जाचा कागद आला.

मला भीती वाटते ती आवाज न करणाऱ्या दबावाची. अमेरिकेत सरकारदरबारी रदबदली करणाऱ्यांची नोंद ठेवणारा कायदा १९४६ पासून आहे, आपल्याकडे असा कायदाच नाही. पक्षांना देणगी देण्यासाठी काढलेल्या निवडणूक रोख्यांत देणगीदाराचं नाव मतदाराला कळत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ते रद्द केले. याचिका घेऊन जाणाऱ्यांत असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स होती, १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमच्या प्राध्यापकांनी काढलेली. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे आज प्रतिज्ञापत्रात वाचता येतात, त्यामागेही तीच संस्था. म्हणजे झाकलेला दबाव उघडा करायलाही दबावगटच लागला.

शेवटचा मुद्दा, मग थांबतो. केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे सक्ती नाही. ती सक्ती हवी, आणि त्या मसुद्याबाबत मंत्र्यांना कोण कोण भेटलं याची यादीही सोबत हवी. मसुद्यावर हरकत कशी लिहायची त्याचे नमुने मी आणलेत, पुढच्या टेबलावर आहेत. जाताना एकेक घ्या, आणि शेजारच्या घरासाठीही एक न्या.