अंकोरच्या पालखीचे हूक

नमस्कार मंडळी, आज कंबोडियात जाऊया, बाराव्या-तेराव्या शतकातल्या अंकोरला, म्हणजे तिथल्या ख्मेर राजांच्या राजधानीला, पण देवळं बघायला नाही हं, ती सगळेच बघतात. आपण बघणार आहोत पालखीचे हूक आणि कड्या, ब्राँझच्या.

तिथली पालखी आपल्यासारखी नाही. एक लांब दांडा, दोन्ही टोकं वर वळलेली, दांड्याला हूक, हुकांना दोरीने बांधलेली जाड कापडाची झोळी, त्या झोळीत साहेब बसणार आणि दोन माणसं खांद्यावर घेऊन निघणार. हे सगळं लिहून ठेवलंय झोउ दाग्वान नावाच्या चिनी माणसाने, तो १२९६ मध्ये वकिलातीबरोबर आला आणि वर्षभराच्या आसपास तिथे राहिला, आणि त्याची नजर भलतीच बारीक! कोणाच्या पालखीचा दांडा सोन्याचा, कोणापुढे सोन्याच्या दांड्याच्या छत्र्या चार, कोणापुढे दोन, कोणाला चांदीवरच भागवावं लागतं, म्हणजे रस्त्यात लांबूनच कळायचं की कोण केवढा मोठा ऑफिसर आहे.

आता लाकूड कुजलं, कापड तर कधीच गेलं, राहिला तो धातू. म्हणून आज म्युझियममध्ये नुसता हूक दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं हे काय अडकवायचं. पण जवळ जाऊन बघा, त्या एवढ्याशा हुकावर फणा काढलेले नाग, मध्येच गरुड, कमळाच्या पाकळ्या, वेलबुट्टी, बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही, आणि इतकं करून ती वस्तू माणसाचं वजन पेलायची. मला तर मोठ्या मूर्तींपेक्षा यातच जास्त मजा वाटते, मूर्तीला नुसतं उभं राहायचं असतं, याला काम करायचं होतं. दांड्याच्या टोकाला बसवायचे ते अनेक फण्यांचे नाग वेगळे, ते आतून पोकळ, लाकडावर टोपीसारखे चढवायचे.

बनवायचे कसे, तर आपले ओतारी करतात तसंच, आधी मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, तापवलं की मेण वितळून बाहेर आणि त्या जागी तांबं आणि कथिलाचा रस. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे जोडीतले दोन हूकसुद्धा अगदी डिट्टो नसतात. वरून बऱ्याचदा सोन्याचा मुलामा, त्यामुळे झोउसाहेबांचं ते सोनं किती आत आणि किती नुसतं वर, यावर मला जरा डाउट आहे.

हे सगळं वापरात कसं दिसायचं ते बघायचं तर अंकोर वाट या देवळाच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत जा. तिथे राजा सूर्यवर्मा दुसरा याची मिरवणूक कोरलीय, हत्ती, छत्र्या, पालखीत बसलेल्या राजघराण्यातल्या बायका, आणि सैन्यापुढे काठ्यांवर गरुड आणि चक्क हनुमान! असे काठीवर बसवायचे ब्राँझचे तुकडेही सापडलेत. पण बरेचसे बाजारातून फिरत म्युझियमला पोचले, कुठल्या देवळातून, कुठल्या वाड्यातून निघाले याची नोंद नाही, जोडीतला एक इकडे विकला, दुसरा तिकडे.