गट नंबर आधी लिहा

हा समोर दिसतोय तो बालाघाटाचा डोंगर आणि हे पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य, पहाटे इथं नुसतं बसून राहिलं तरी चारी बाजूंनी मोर ओरडताना ऐकू येतात. मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातले बहुतेक जण सुट्टीत मोठ्या वकिलांकडं इंटर्नशिपला गेले, मी वनखात्याकडं आले, बीडची आहे ना, हे मोर माझ्या गावाकडचे.

पहिले पंधरा दिवस फक्त जुन्या फाइली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी २५ हजार. मग आरोपी सुटतात कसे? एका फाइलीत उत्तर सापडलं. पंचनाम्यात जागा लिहिलेली 'गायरानात', बस्स. जमिनीचा गट नंबर नाही, वेळ खाडाखोड केलेली, मांसाचा नमुना चार दिवसांनी सील केलेला. मला रात्रभर झोप लागली नाही. अशी केस वनअधिकाऱ्यानं कोर्टात केलेल्या तक्रारीवर उभी राहते आणि त्या तक्रारीचा पाया म्हणजे हाच शेतात बसून लिहिलेला कागद.

मग जूनमध्ये पहिला पाऊस झाला, पेरण्या सुरू झाल्या आणि एका बांधावर लांडोर मेलेली सापडली. वनरक्षक काका म्हणाले, "ताई, गट नंबर आधी लिहा." शेतकरी आजोबा हात जोडून उभे, "मी न्हाई मारली माय, सोयाबीन पेरलं, बियाण्याला औषध चोळलं व्हतं."

कायद्यात शिकारीच्या व्याख्येत विष घालणंही येतं. पण पेरणीचं बी आणि मारण्यासाठी टाकलेलं विष यात फरक आहे की नाही, आणि तो कोर्टाला कळणार कशावरनं? चोचीजवळ पडलेले दाणे, पेरणीचं तास (सरी) किती खोल, औषधाचं रिकामं पाकीट, आम्ही सगळं मोजून लिहिलं, फोटो काढले, नमुने तिथंच सील केले. नीट लिहिलं नाही तर शिकारी सुटतो आणि एखादा गरीब माणूस उगाच अडकतो, दोन्ही मला चालणार नाही.

आजोबांचा जबाब त्यांच्याच शब्दांत घेतला, दोनदा वाचून दाखवला. "औषध चोळलं" याच्यापुढं "पेरायला" हा शब्द राहिला होता, तो त्यांनीच लक्षात आणून दिला. तो घातला, मग त्यांनी अंगठा उठवला.